एक टिंब पुढे, दोन टिंबं मागे

माझ्या धाकट्या भावाला सगळा बाजार टाकेवाला म्हणतो. त्याला शिंपी समजून दोन बायका पडदे घेऊन आल्या होत्या. भावजयीने त्यांना दारातूनच परतवून लावलं. तो टाके घालतो ते लोखंडाला, आणि नेमकं सांगायचं तर बिडाला. इंजिनाचा जो मुख्य ओतीव ठोकळा असतो, ज्याच्या पोटात सिलिंडर, दुहेरी भिंतींच्या मधे पाणी आणि तळाशी क्रँकशाफ्ट असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक तडकला की लोक तो भंगारात काढतात. भाऊ म्हणतो, "आधी माझ्याकडे आणा. भंगारवाला काय पळून जात नाही."

तडीच्या दोन्ही टोकांना तो आधी भोक पाडतो, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भोकात आटे पाडून स्क्रू घट्ट बसवायचा, त्याचं डोकं छाटायचं, हातोडीने ठेचायचं. पुढचं भोक असं पाडायचं की त्याने आधीच्या स्क्रूच्या कडेचा लचका घेतला पाहिजे. असे एकमेकांत अडकलेले स्क्रू तडीवर ओळीने बसले की वरून घासून सपाट करायचं. वीतभर तडीला चाळीसेक टाके आणि चार-पाच दिवस. वेल्डिंगवाला हेच काम अर्ध्या तासात उरकतो, पण बिडाला अशी एका जागी आच सोसत नाही. एक तड बुजते आणि शेजारी दुसरी उघडते. सासूची समजूत काढावी आणि नणंदेने रुसून बसावं, तसं. (मी नणंद आहे. मला ठाऊक आहे.)

तड शोधण्याची त्याची रीत मला विशेष आवडते, कारण तिच्यात माझा वाटा आहे. संशयाच्या जागेवर रॉकेल फिरवायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. तडीत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटते. खडू माझे. छत्तीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं, त्या काळात उरलेले तुकडे डबे भरभरून घरी आणले. ही चोरी शाळेने अजून पकडलेली नाही.

त्याच शाळेत तो माझ्या वर्गात होता आणि मी त्याला भूमितीत दोन गुणांनी नापास केलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. वर्तुळ म्हणजे काय, याचं उत्तर त्याने "जे गोल असतं ते" असं लिहिलं होतं. आता तोच भोकातून नख फिरवून सांगतो की इथे किंचित अंडाकृती झालंय, आणि मायक्रोमीटर लावून पाहिलं तर नखाचंच खरं निघतं. तरी गुण वाढवून मिळणार नाहीत.

शाळा सुटल्यावर तो उस्तादांच्या हाताखाली लागला. उस्ताद बुटके, डावखुरे आणि जिभेने तिखट. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. टाक्यांची विद्या त्यांचीच. पण मला सांगायचंय ते त्यांच्या टिंबांबद्दल, आणि त्यासाठी ब्लॉकचा तळ समजायला हवा.

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनांच्या रेट्याने गरगर फिरणारा जाड दांडा; तळाशी तो पाच ठिकाणी पेललेला असतो. प्रत्येक ठिकाणी वरचं अर्धं वर्तुळ ब्लॉकमध्येच असतं आणि खालचं अर्धं एका जाड कॅपमध्ये. कॅप दोन बोल्टांनी आवळली की वर्तुळ पुरं. कारखान्यात पाची कॅपा आवळून मगच सगळी भोकं एका दमात कोरतात. त्यामुळे जी कॅप जिथली, तिथेच ती नीट बसते. शेजारणीच्या डब्याचं झाकण आपल्या डब्याला लावून पाहा. लागतं, पण कुरकुरतं.

म्हणून कॅप सोडवण्याआधी तिच्यावर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यावर हातोडी मारून, टिंबांची खूण करतात. उस्ताद टिंबांच्या बाबतीतही कंजूस. टोकाच्या दोन कॅपा आकारानेच निराळ्या, मधली चांगली रुंद. त्या तिघी आंधळ्यालाही कळतील, त्यांना टिंब कशाला? राहिल्या दोघी, दुसरी आणि चौथी, हुबेहूब जुळ्या. त्यांतल्या एकीवर एक टिंब, दुसरीवर दोन. ब्लॉकवर काही नाही. "ब्लॉक काय उठून जागा बदलणार आहे?" असं ते म्हणायचे. आणि एक टिंब मारायचं ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, बाजूच्या जुळीवर. इंजिनाची ताकद जिथून बाहेर पडते तिथून मोजायचं. माणूस घर मोजतो ते दारापासून, मोरीपासून नाही.

मग मी मधे नाक खुपसलं. एका गिऱ्हाइकाने इंजिनासोबत कारखान्याचं पुस्तक पाठवलं होतं, परक्या भाषेतलं. धाकट्याने ते घरी आणलं, मी वाचून त्याला अर्थ सांगितला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मोजणी इंजिन गार करणाऱ्या पंख्याच्या बाजूने, म्हणजे फ्लायव्हीलच्या नेमक्या उलट टोकाने, पंख्याकडची पहिली. झालं. दुसऱ्या दिवशी याने चार गिऱ्हाइकांसमोर उस्तादांना ऐकवलं.

"उस्ताद, पुस्तकात पंख्याकडून मोजलंय."

"कुणाच्या पुस्तकात?"

"कारखान्याच्या."

"मग कारखान्यात जा. पुस्तक तुला चहा पाजेल."

शब्दाने शब्द वाढला आणि हा आपली हातोडी काखोटीला मारून घरी आला. बत्तीस वर्षांचा घोडा, दोन मुलांचा बाप. भावजय मला एवढंच म्हणाली, "वन्सं, वाचलंत ते बरं केलंत. पण सगळंच कशाला वाचायचं?" तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण तसं मी तिला तेव्हा म्हटलं नाही.

त्याने घराच्या तळमजल्यावर, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, स्वतःचं दुकान मांडलं. पुढची भिंत फोडून हातगाडी शिरेल एवढं दार काढलं, खिडकीखाली लांब टेबल टाकलं, छताला चेनकप्पी टांगली. पंख्याकडून मोजू लागला. उस्ताद दोन गल्ल्या पलीकडे, पण दोघांत बोलणं नाही. अकरा वर्षांपूर्वी उस्ताद वारले तेव्हा हा मयतीला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि परत येऊन कामाला लागला. मी विचारलं, "कसं वाटतंय तुला?" म्हणाला, "आज पाण्याची चाचणी आहे." असल्या माणसाशी पुढे काय बोलणार?

गेल्या वर्षी लाँचवाला आला. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या पाच लाँच आहेत, त्यांतली सगळ्यात म्हातारी याची. इंजिन त्याच्या वडिलांच्या वेळचं. तसला ब्लॉक आता कुणी ओतत नाही. भर पात्रात इंजिन तापलं, वाफ फुटली, आणि या पठ्ठ्याने नदीतलं बादलीभर गार पाणी आत ओतलं. टण्णकन आवाज झाला म्हणे.

"आवाज ऐकून तुला काय वाटलं?" मी विचारलं. माझा जुना विद्यार्थी, मी विचारू शकते.

"बाई, मला वाटलं इंजिनाला बरं वाटलं."

ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला वीतभर तड. दोन वेल्डिंगवाल्यांनी हात जोडले होते, आणि तो ब्लॉक घेऊन हिंडण्यात सहा आठवडे गेले होते. धक्क्यावर लाँचना पाळ्या लावून दिलेल्या आहेत. ज्याची लाँच दोन महिने बंद, त्याची पाळी यादीतल्या पुढच्याला मिळते. राहिला होता पंधरवडा, एका बुधवारपर्यंतचा.

"त्या बुधवारी सकाळी लाँच धक्क्याला लागली नाही," तो म्हणाला, "तर ती विकायची आणि थोरल्या भावाच्या लाँचवर दोर फेकायला जायचं. वहिनी आत्ताच विचारतेय, तुम्हाला गणवेश कुठल्या मापाचा शिवू."

धाकट्याने ब्लॉक कप्पीवर उलटा टांगला आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने उलगडला. कॅपा सोडवण्याआधी काळ्या तेलकट थरावरून त्याने अंगठा फिरवला. जुळ्यांवर टिंबं होतीच: एकीवर एक, दुसरीवर दोन. "कुणा शहाण्याच्या हातून गेलंय इंजिन," तो खूश होऊन म्हणाला. एरवी तो परक्या खुणेवर विसंबत नाही. कॅपेवर आणि ब्लॉकवर, दोन्हीकडे आपली टिंबं मारतो. त्या दिवशी मारली नाहीत. का नाही मारलीस, हे मी त्याला पुढे चारदा विचारलं. चारही वेळा एकच उत्तर: "होती ना!"

एक्केचाळीस टाके पडले. मग सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, ब्लॉकच्या भिंतींत पाणी भरलं आणि पंपाने दाब दिला. टाक्यांवर खडूची पूड. तासाभराने पूड कोरडी ठणठणीत. लाँचवाला तिथेच नाचायचा बाकी होता.

गुरुवारी तो गॅरेजवाल्याला घेऊन आला, इंजिन जोडायला. हा गॅरेजवाला हमरस्त्यावरचा, चाळिशीचा, हत्यारं चकचकीत, तोंडाने मऊ. ब्लॉकमध्ये बेअरिंग घातली, तेल सोडलं, क्रँक ठेवला. कॅपा धाकट्याने स्वतः बसवल्या, एक टिंबवाली पंख्याकडे, दोन टिंबांची फ्लायव्हीलकडे. बोल्ट मापाने आवळले. असा क्रँक दोन बोटांनी फिरला पाहिजे. तो दोन हातांनी फिरेना. पाइप लावून जोर केला तेव्हा चिमूटभर हलला आणि कण्हला.

मग गॅरेजवाला मऊपणाने म्हणाला, "काका, राग मानू नका. एक्केचाळीस स्क्रू ठोकलेत तुम्ही. ब्लॉक ताणला."

"नाही ताणत."

"मग हे काय? बिडाला किती मार द्यायचा त्याला काही सीमा? गेला हा ब्लॉक." आणि लाँचवाल्याकडे वळून, "माझ्याकडे दुसरं इंजिन आहे. लाँचचा तळ कापून बैठक नवी करावी लागेल. महिना धर."

"महिना!" लाँचवाला बोटांवर दिवस मोजू लागला. "पाळी गेली मग."

"शनिवारी सकाळपर्यंत थांब," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मला वर खिडकीत ऐकू आला, आणि तो मला आवडला नाही. नापास झाला होता तेव्हा असाच बोलला होता.

शुक्रवारी तो जेवला नाही. पोलादी पट्टीला निळा रंग लावून त्याने ब्लॉकचं वरचं तोंड तपासलं, खालचं तपासलं. दोन्ही सपाट. तरी क्रँक फिरेना. आपल्याच हातांकडे तो अशा नजरेने पाहत होता की जणू ते कुणी उसने दिलेत. दुपारी भावजय वर आली. "वन्सं, तुम्ही बोला. माझं ऐकत नाहीत, तुम्हाला निदान घाबरतात."

मी खाली गेले.

"कुठे अडकतंय?"

"दुसरी नि चौथी. आवळली की सांध्यावर नखाला कड लागते."

"आणि मधली?"

"मधली लोणी आहे."

"टाके कुठे आहेत?"

"मधे."

"मग ठोकून ब्लॉक ताणला असता तर आधी मधली बिघडली असती. तिला काही झालं नाही आणि आजूबाजूच्या रडतायत. कुठलं शास्त्र हे?"

"तेच मी कालपासून म्हणतोय."

"कुणाला म्हणतोयस? मला तर ऐकू आलं नाही."

"मनात, अक्का."

मनात! मला असा राग आला की मी त्याला त्या दोन्ही कॅपा सोडवायला लावल्या, रॉकेलमध्ये बुचकळल्या आणि चिंधीने खसाखसा घासल्या. माझ्या अंगावर उडालेले डाग अजून गेलेले नाहीत. खिडकीत नेऊन चष्मा लावून पाहिलं. काजळी निघाल्यावर टिंबं स्वच्छ दिसत होती. खोल होती, पण सरळ नव्हती. तिन्ही एकाच बाजूला कललेली.

"हा तुझा शहाणा होय?" मी म्हटलं. "ह्याला पंच सरळ धरता येत नाही?"

त्याने माझ्या हातातून कॅप घेतली. उजेडात धरली. मग टेबलावरचा पंच उचलून उजव्या हातात धरला, टिंबाशी लावून पाहिला, आणि डाव्या हातात घेतला. डाव्या हातातला पंच त्या खड्ड्यात अगदी बरोबर कलून बसला.

तो स्टुलावर बसला. मी घाई केली नाही. हे माझ्याकडून क्वचित होतं.

"उस्ताद," तो म्हणाला.

मग उठून त्याने कॅपांची अदलाबदल केली. एक टिंबवाली फ्लायव्हीलकडे, दोन टिंबांची पंख्याकडे. बोल्ट आवळताना त्याचे हात नेहमीसारखे चालत होते, ना हळू ना जोरात. मग दोन बोटं क्रँकला लावली. क्रँक फिरला. जराही आवाज न करता पुरा फिरला. त्याने तो पुन्हा फिरवला, मग पुन्हा, आणि भावजय चहा घेऊन आली तरी फिरवतच होता.

"ब्लॉक चांगला आहे," तो तिला म्हणाला. "मी गाढव आहे."

"दुसरं आम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग लगेच हिशेबी झाली. "उद्या काही बोलायचं नाही हां. फिरतोय म्हणायचं, मोकळं व्हायचं. तो गॅरेजवाला गावभर करील."

खरं सांगते, मीही तिच्याच मताची होते. चूक सुधारली, कुणाचं नुकसान नाही, दवंडी कशाला? धाकटा नुसता "बघू" म्हणाला.

शनिवारी सकाळी दोघे आले. गॅरेजवाल्याने क्रँकला हात लावला आणि तो फिरताच त्याचा हात मागे आला. लाँचवाल्याने "फिरला!" म्हणून आरोळी ठोकली. पण गॅरेजवाला हसला नाही. खाली वाकून सांधे पाहू लागला.

"आतून घासलंत का, काका?"

"नाही."

"बेअरिंग खरवडून क्रँक सैल करता येतो, मला माहीत आहे. तसं असेल तर मी जोडणार नाही. भर नदीत इंजिन जाम झालं तर माणसं कुणाच्या नावाने ओरडतील?"

लाँचवाल्याचं तोंड पुन्हा उतरलं. तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. गॅरेजवाल्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. भावजयीने दाराआडून डोळे मोठे केले. धाकट्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"दोन कॅपा एकमेकींच्या जागी बसवल्या होत्या," तो म्हणाला. "मी. खुणा उस्तादांच्या होत्या, फ्लायव्हीलकडून. मी पंख्याकडून वाचल्या. सोडवून बघ. नख लावून बघ."

गॅरेजवाल्याने खरंच सोडवल्या. जागा बदलून आवळून पाहिल्या, क्रँक अडला. पुन्हा बदलल्या, फिरला. मग असा हसला की शेजारचा टायरवाला डोकावून गेला.

"चाळीस वर्षं कॅपा लावताय, काका!"

"पंचेचाळीस."

"आणि जुळ्या ओळखल्या नाहीत!"

"नाही ओळखल्या. आणि तू काय म्हणालास? ब्लॉक ताणला. एक्केचाळीस टाक्यांना नावं ठेवलीस."

गॅरेजवाल्याचं हसू जरा आटोपतं झालं. "ते मागे घेतो," तो म्हणाला आणि बाह्या सारल्या. "पिस्टन कुठे ठेवलेत?"

"म्हणजे ब्लॉक चांगला?" लाँचवाल्याने विचारलं. त्याने ते तीनदा विचारलं, दोघांना वेगवेगळं, आणि एकदा मला.

जोडायला घेण्याआधी धाकट्याने पंच काढला. फ्लायव्हीलकडच्या कॅपेशेजारी ब्लॉकवर एक टिंब मारलं, पंख्याकडच्या शेजारी दोन. मी म्हटलं, "अरे, पण पुस्तकाप्रमाणे..."

"अक्का, तू वर जा."

मी गेले नाही, पण गप्प बसले.

गॅरेजवाल्याने अर्थातच गावभर केलं. पुढे महिनाभर चहाच्या टपरीवरून लोक ओरडायचे, "टाकेवाले, आज कुठून मोजायचं?" दोन गिऱ्हाइकांनी आपले ब्लॉक उचलून नेले. त्यांतला एक परत आला, दुसरा आला नाही. भावजय दोन्ही दिवशी "मी म्हटलं होतं" म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पण ते सगळं नंतर. त्या बुधवारी पहाट फुटता फुटता आम्ही धक्क्यावर होतो. लाँच पाळीला लागली होती, फळीवरून माणसं चढत होती. धाकटा खाली इंजिनापाशी उतरला. इंजिन सुरू होतं. त्याने टाक्यांवर तळहात ठेवला, मग खाली वाकून तळाशी कान नेला. वर एक बाई करवादली, "अहो, सोडा की लाँच! मला कामावर जायचंय."

"थांबा ताई," लाँचवाला म्हणाला, "ते हो म्हणू देत."

मग खालून आवाज आला, "सोड."

दोर सुटला, फळी ओढली गेली, आणि लाँच पात्रात शिरली. उतरायचं असतं हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. मी हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? पलीकडे जाऊन परत यायला लाँचला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी धक्क्यावर त्याची हत्यारांची पिशवी धरून उभी होते, आणि ती पिशवी हलकी नाही.